पावाच्या गाडीतली हार्प

गेर्लिंडे बाउमबाखची हार्पसाठी निवड झाली ती तिच्या बोटांमुळे नाही आणि कानांमुळेही नाही. ती झाली तिच्या वडिलांच्या पावाच्या गाडीमुळे. हे ती स्वतःच सांगायची, आणि ही हकीकत निदान दोनदा ऐकली नाही असा माणूस इल्मरोडाच्या थिएटरात सापडला नसता.

नऊ वर्षांची असताना तिला ट्रम्पेट शिकायचा होता. संगीतशाळेच्या हेर केसेलनी, म्हणजे केसेल सरांनी, त्या दिवशी रांगेतल्या मुलांचे हात पाहिले, दात पाहिले, प्रत्येकाला टाळ्या वाजवायला लावल्या. गेर्लिंडेची पाळी आली तेव्हा मात्र ते खिडकीतून खाली बघत होते. खाली तिचे वडील हेल्मुट सहकारी बेकरीच्या बंद गाडीला पाठ टेकून लेकीची वाट बघत उभे होते.

"ती गाडी कुणाची?"

"पपांची. म्हणजे बेकरीची. पपा चालवतात."

"मागचं दार पुरतं उघडतं?"

"हो. पावाचे ट्रे जातात ना आत."

हेर केसेल तिला तिथेच सोडून जिना उतरले, खिशातून मोजपट्टी काढली आणि गाडीचं दार आडवं-उभं मोजून घेतलं. मग हेल्मुटचा हात हातात घेऊन म्हणाले, "हेर बाउमबाख, तुमच्या मुलीचं अंग हार्पचं आहे."

"हार्प म्हणजे देवदूतांच्या हातात असते ती?"

"तीच."

"पण तिला ट्रम्पेट हवाय."

"दात ट्रम्पेटचे नाहीत."

दात अगदी व्यवस्थित होते. पण शाळेत एक हार्प चार वर्षं खोळ घालून कोपऱ्यात उभी होती. कार्यक्रमाला ती नेणार कोण, म्हणून कुणी शिकायला तयार नव्हतं. त्यानंतर आठ वर्षं दर रविवारी ती हार्प पावाच्या ट्रेमधून हिंडली. तिच्या लाकडात राय धान्याच्या काळ्या पावाचा वास इतका मुरला, की एका स्पर्धेत परीक्षक बाई म्हणाल्या, "मुली, वाजवतेस छान. पण तुझं ऐकलं की भूक लागते."

ही हकीकत गेर्लिंडे कॅन्टीनमध्ये रंगवून सांगायची आणि लोक हसायचे. २०१९च्या फेब्रुवारीत मात्र तिने ती एकदाही सांगितली नाही. नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता. फ्राऊ बाउमबाख एकतीस जुलैला निवृत्त होतील आणि त्यांच्याबरोबर हार्पची जागाही संपेल, असं त्यावर लिहिलं होतं. पुढे लागेल तेव्हा बाहेरून कुणाला तरी बोलावण्यात येईल.

बेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी जायला तिची काहीच हरकत नव्हती. नवरा राइनहोल्ड वनखात्यातून आधीच निवृत्त झाला होता आणि मधमाश्यांच्या चार पेट्या घेऊन बसला होता. पण माणूस जाणं वेगळं आणि खुर्ची जाणं वेगळं. मंचापुढच्या, वाद्यवृंद बसतो त्या खड्ड्यात, डाव्या कोपऱ्यात, नगाऱ्यांच्या शेजारी हार्पची जागा होती. तिथल्या फळ्यांवर हार्पच्या पायांचे चार खळगे पडले होते. तिच्याआधीच्या दोघींनी पाडले, ते तिने खोल केले. तिथे आता घड्या घातलेल्या खुर्च्या ठेवणार होते.

त्या कोपऱ्यात ती आली १९७७ साली, वायमारहून शिकून. वय तेवीस.

हार्पवालीचं काम लोकांना वाटतं तसं नसतं. सगळ्यांच्या आधी तासभर यायचं, सत्तेचाळीस तारा लावायच्या, आणि मग बहुतेक वेळ गप्प बसून मोजायचं. एका एका अंकात दीडदीडशे आवर्तनं हात मांडीवर ठेवून मोजायची, आणि मग आपली चार सेकंदं अशी वाजवायची की जणू आपण आत्ताच बोलत होतो. मोजण्यात चूक झाली तर लपायला जागा नाही. व्हायोलिनवाला चुकला तर शेजारचे नऊ जण ती चूक पोटात घालतात. हार्प एकटी.

पहिल्याच हिवाळ्यात तिची चूक झाली. ऑपेराची नायिका विष पिऊन मंचावर पडली होती. सगळा वाद्यवृंद श्वास रोखून थांबला होता. पाहुण्या संचालकाने त्या दिवशी बारा आवर्तनं वाढवली होती. ते सगळ्यांना सांगितलं होतं, पण सांगितलं तेव्हा गेर्लिंडे तारा आणायला वर गेली होती. त्या शांततेत तिने खालपासून वरपर्यंत हार्प सणसणून वाजवली. मेलेल्या नायिकेने एक डोळा उघडून खड्ड्याकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "चला, वाचली."

कॅन्टीनमध्ये ती कोपऱ्यात तोंड लपवून बसली होती. समोर मसुराच्या सूपचा वाडगा आदळला. तो एकहार्ट वीग्लेबने आणला होता. एकहार्ट नगारे वाजवायचा. त्याच शरद ऋतूत लागलेला, तिच्याहून वर्षाने लहान.

"कितीवर होतीस?"

"एकशे चौसष्ट."

"मी एकशे बावन्नवर होतो."

"म्हणजे तू बरोबर होतास."

"मी बरोबर असून काय दिवे लागले? मला पुढची वीस मिनिटं काही कामच नव्हतं. या खड्ड्यात खरे रिकामटेकडे आपण दोघंच. उद्यापासून एकत्र मोजू. खा आता. गार झालं तर कॅन्टीनवाली फ्राऊ श्पेर्लिंग मला बोलेल, तुला नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याने पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या. दर दहा आवर्तनं झाली की तो नगाऱ्याच्या कठड्यावर एक गोळी डावीकडून उजवीकडे सरकवायचा. ती आपली मोजायची आणि गोळ्यांकडे बघून पडताळून घ्यायची. बेचाळीस वर्षांत कठडा बदलला, पेपरमिंटचा कारखाना बदलला, पूर्व जर्मनी जाऊन देशसुद्धा बदलला, पण हिशोब तोच राहिला. शेवटचा सूर वाजला की तो सगळ्या गोळ्या गोळा करायचा, निम्म्या तिला द्यायचा आणि म्हणायचा, "घे, पगार."

दुसरी एक सवय तिला त्याच वर्षांनी लावली, ती तारांची. तेव्हा चांगली आतड्याची तार मिळणं म्हणजे नशीब होतं. मागणी नोंदवून वर्षभर वाट बघायची. तुटलेल्या तारेला गाठ मारून ती पुन्हा चढवायची, अगदीच आखूड झाली तर वरच्या सुराला वापरायची. एकदा तिने एक तार एका ओळखीच्या खाटकाकडून आतडं आणून राइनहोल्डच्या मदतीने घरीच पिळायचा प्रयत्न केला होता. वासाने पंधरा दिवस घरात बसवेना. पश्चिमेची सीमा उघडल्यावर तारा हव्या तेवढ्या मिळू लागल्या, कपाटात पाकिटांची चळत लागली. पण तार तुटेपर्यंत काढायची नाही, ही सवय काही सुटली नाही. चांगली तार काढून टाकणं तिला अर्धा पाव फेकण्यासारखं वाटायचं.

नोटीस लागल्यावर वाद्यवृंदाची सभा भरली. सगळे बोलले. ट्रम्पेटवाला फोल्कमार तर टेबलावर मूठ आपटून बोलला. गेर्लिंडे एक शब्द बोलली नाही. ती सभेत कधीच बोलत नसे.

"तू तुझ्याच जागेबद्दल तरी बोल," बाहेर आल्यावर एकहार्ट म्हणाला.

"काय बोलू? सगळे बोलले की."

"तुझ्या स्वरलिपीच्या पानावर लिहिलेलं असेल तरच तू तोंड उघडणार. पुढच्या वेळी मी लिहून देतो. 'इथे बोला, जोरात.'"

थिएटरचे व्यवस्थापक हेर डॉक्टर लुटर महिनाभराच्या ओढाताणीनंतर एका गोष्टीला तयार झाले. एकच परीक्षा घ्या, ईस्टरच्या आधी. वाद्यवृंदातल्या दोन तृतीयांश लोकांनी एखाद्या उमेदवाराला मत दिलं, तर जागा राहील. नाही दिलं तर विषय संपला, पुन्हा परीक्षा नाही.

परीक्षेला थिएटरची हार्प वापरायची असं ठरलं, म्हणजे गेर्लिंडेची. तिने ती पुसली, पेडलांना तेल दिलं, एकेक तार बोटांनी चाचपली. मधल्या सप्तकातल्या एका तारेवर तिला किंचित लव लागली. तार झिजायला लागली की असे बारीक तंतू सुटतात. परीक्षेला दहा दिवस होते. महिनाभर चालेल अजून, असं मनाशी म्हणून तिने ती तशीच ठेवली.

परीक्षेच्या तीन दिवस आधी लव वाढलेली दिसली. आता बदलायची म्हटलं तरी सोय नव्हती. आतड्याची नवी तार आठ दिवस उतरत राहते. लावावी, की दहा मिनिटांनी खाली. बेसूर तारेवर त्या मुलींची परीक्षा कशी घ्यायची?

"देवा, गुरुवार संध्याकाळपर्यंत टिकू दे तिला," ती राइनहोल्डला म्हणाली.

"कुणाला?"

"तारेला."

"माझ्या माश्यांनाही सांगू का प्रार्थना करायला?"

"सांग."

गुरुवारी तालमीच्या दालनात मधोमध जाड तपकिरी पडदा टांगला होता. पलीकडे हार्प, अलीकडे वाद्यवृंदातले एकेचाळीस जण. पडद्यापर्यंत सतरंजी घातलेली, म्हणजे पावलांवरून कोण आलं हेही कळू नये. उमेदवाराला नाव नाही, फक्त नंबर. आणि मत पडेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, हा घरचा नियम.

पाच उमेदवार होते, पाचही मुली. एक नंबर नीटनेटका आणि कोरडा. दोन नंबर घाबरलेला. तीन नंबर इतका जोरात, की एकहार्टने कानावर हात ठेवला. चार नंबर बरा होता, पण सगळंच एका आवाजात. गोड बोलणाऱ्या माणसासारखा, दहा मिनिटांनी कंटाळा येणारा.

पाच नंबरने पहिले तीन सूर वाजवले आणि गेर्लिंडे खुर्चीत पुढे सरकली. सूर गोल होते. घाई नव्हती. एक सूर पुरता विझू देऊन मग पुढचा पेटवावा, असं ते वाजवणं होतं. ती डोळे मिटून ऐकू लागली.

परीक्षेतला सगळ्यात अवघड, लांबलचक असा एकट्या हार्पचा तुकडा निम्म्यावर आला आणि पडद्यामागून चाबूक ओढल्यासारखा आवाज झाला.

काही जण दचकले. गेर्लिंडेने डोळे उघडले नाहीत. तिला बघायची गरज नव्हती. कोणती तार तुटली हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण वाजवणं थांबलं नाही. एक श्वास मोठा झाला एवढंच. आणि मग गेर्लिंडेला ते ऐकू आलं, जे त्या दालनात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हतं: सुरांच्या खाली चाललेली पायांची बारीक धपधप. खाली, वर, खाली, वर.

हार्पला सात सुरांची सात पेडलं असतात. पेडल दाबलं की त्या सुराच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढतात. एखादी तार तुटली, तर कधी कधी शेजारची तार पायाने चढवून तुटलेलीचं काम तिच्याकडून करून घेता येतं. पण शेजारणीचं स्वतःचं काम आलं, की पेडल त्याच क्षणी सोडावं लागतं, आणि लगेच पुन्हा दाबावं लागतं. सावकाश चालीत गेर्लिंडेने हे केलं होतं, चार-पाच वेळा. या तुकड्यात, या वेगात, कुणी करताना तिने ऐकलं नव्हतं.

दोन ठिकाणी पाय उशिरा पोचला. दोन सूर चुकले. दोन्ही सगळ्यांना ऐकू आले.

मतांच्या चिठ्ठ्या मोजल्या. हव्या होत्या अठ्ठावीस. पाच नंबरला पडल्या पंचवीस. बाकी चौघींना त्याहून बऱ्याच कमी.

नियम असा होता, की निम्म्याहून जास्त मतं पडली तर त्या उमेदवारावर चर्चा करून एकदा पुन्हा मत घ्यायचं. फोल्कमार उठला. मनाने वाईट नव्हता तो. जागा राहावी असं त्यालाही वाटत होतं.

"वाजवते चांगलं, मान्य. पण तार तुटली तर थांबायचं असतं. सांगायचं, नवी लावायची, पुन्हा सुरू करायचं. कोण रागावणार होतं? ती घाबरून तशीच पुढे रेटत राहिली आणि दोनदा चुकली. उद्या खड्ड्यात असं झालं तर?"

बऱ्याच माना हलल्या. लोकांनी गेर्लिंडेकडे पाहिलं, आणि सवयीने लगेच दुसरीकडेही पाहिलं, कारण ती काही बोलणार नव्हती. एकहार्टने खिशातून कागदाचा कपटा काढला, पेन्सिलीने काहीतरी खरडलं आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिने वाचलं. 'इथे बोला. जोरात.'

ती उठून उभी राहिली.

"ती तार माझी होती," ती म्हणाली.

फोल्कमार खाली बसला.

"दहा दिवसांपूर्वीच मला कळलं होतं की ती झिजली आहे. बदलायला हवी होती. नाही बदलली. माझ्या हातून कुठलीही तार तुटल्याशिवाय निघत नाही, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा ती तुटली यात तिचा काही दोष नाही, तो माझा. आणि तुटल्यावर तिने काय केलं ते तुम्हाला ऐकूच आलं नाही. पडदा होता ना. या माझ्याबरोबर."

ती पडद्याकडे चालू लागली. मग एकहार्ट उठला, मग फोल्कमार, मग सगळेच. पाच नंबर केव्हाच खाली कॅन्टीनमध्ये गेली होती. हार्प तिथे होती तशीच उभी होती आणि तुटलेली तार वरून लोंबत होती.

गेर्लिंडे बसली. हार्प खांद्यावर घेतली. कसं ते तिने थोडक्यात सांगितलं: ही तार नाही, म्हणून हिची शेजारीण, हे पेडल, आता दाबलं, आता सोडलं.

"आता बघा."

तिने सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत तिचा पाय उशिरा पोचला आणि असा काही सूर निघाला की क्लॅरिनेटवाल्या बाई म्हणाल्या, "आई गं!"

"थांबा, थांबा. पुन्हा." तिने पुन्हा सुरू केलं. या वेळी ती तिसऱ्या ओळीपर्यंत गेली. तिथे हात आणि पाय एकमेकांना विसरले आणि सगळंच कोसळलं. तिसऱ्यांदा ती पहिल्याच वळणावर अडकली.

ती घामाघूम झाली होती. तिने हार्प सावकाश सरळ उभी केली, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. आधी बारीक, मग अनावर.

"नाही जमत," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली मला. ही माझी हार्प. काय करायचं ते मला माहीत आहे. तीनदा केलं, तीनदा आपटले. आणि त्या पोरीने अनोळखी हार्पवर, परीक्षेत, पहिल्याच फटक्यात केलं. दोन सूर चुकली म्हणता? मी तर दोन बरोबर काढायला धडपडत होते. फोल्कमार, ती घाबरली म्हणून पुढे गेली नाही रे. घाबरते ती थांबते."

फोल्कमार डोकं खाजवत म्हणाला, "एवढं बोलता येतं तुला? मग बेचाळीस वर्षं आम्हाला का बोलू दिलंस?"

आणि तेव्हा तो आवाज सुरू झाला. आधी एकहार्टच्या जागेवरून, मग सगळीकडून. फरशीवर बूट घासल्याचा आवाज. वाद्यवृंदवाले आपसात टाळ्या वाजवत नाहीत. हातात वाद्य असतं, म्हणून ते पाय घासतात. त्या दिवशी कुणाच्याच हातात वाद्य नव्हतं, तरी त्यांनी पायच घासले. गेर्लिंडेने ही दाद दुसऱ्यांना मिळताना पुष्कळ ऐकली होती. स्वतःला, आणि तीही धडधडीत चुकल्यावर, ही पहिलीच.

पुन्हा चिठ्ठ्या झाल्या. अडतीस.

निरोप द्यायला ती स्वतःच कॅन्टीनमध्ये उतरली. फ्राऊ श्पेर्लिंगची मुलगी आता गल्ल्यावर बसत असे. तिने डोळ्यांनीच कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. तिथे पायात जाड लोकरी मोजे, बूट बाजूला काढलेले, अशी एक उंच मुलगी सूपच्या वाडग्यापुढे मान खाली घालून बसली होती. वाडग्याला चमचा लागला नव्हता.

"पाच नंबर?"

मुलगी ताडकन उभी राहिली. "हो. हेनरिके ओस्टरलो. माफ करा, तुमची तार तुटली माझ्याकडून."

"बस. सूप गार होतंय." गेर्लिंडे समोर बसली. "थांबली का नाहीस? थांबायची मुभा होती."

"होती?" हेनरिकेने डोळे मोठे केले. "मला सुचलंच नाही. म्हणजे... प्रयोगात कोण थांबतं? वर माणसं गात असतात."

गेर्लिंडेने सूपचा वाडगा तिच्या जवळ सरकवला. मग सांगितलं, "अडतीस मतं पडली तुला. आधी एक वर्ष पारखतील, मग कायम करतील. खड्डा गार असतो, हे मोजे राहू देत. तुझ्या शेजारी नगारेवाला एकहार्ट असेल. तो पुढच्या वर्षी जाईल, पण तोवर त्याच्या पेपरमिंटकडे बघायला शीक."

हेनरिकेला त्यातलं 'अडतीस' एवढंच कळलं असावं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हातांमागून काहीतरी बोलली, ते 'आईला फोन करू का?' असं होतं. तिने फोन केला. पलीकडून जी किंकाळी आली ती गल्ल्यापर्यंत ऐकू गेली.

फोन झाल्यावर गेर्लिंडेला राहवलं नाही. "एक विचारू? हार्पकडे कशी वळलीस?"

हेनरिके लाजली. "हसाल तुम्ही."

"हसू दे."

"मला खरं तर ड्रम शिकायचे होते. पण आमच्याकडे लांब गाडी होती. माझे बाबा अंत्यसंस्काराचं काम करतात. त्यांच्या गाडीत हार्प बरोब्बर आडवी बसते. संगीतशाळेच्या बाईंनी गाडी बघितली आणि..."

पुढचं तिला बोलता आलं नाही, कारण समोरच्या बाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

"वास यायचा का हार्पला?" डोळे पुसत गेर्लिंडेने विचारलं.

"फुलांचा. मयताला वाहतात त्या लिलीच्या फुलांचा. एका लग्नात वाजवलं तेव्हा नवरीची आजी रडायलाच लागली."

"माझ्या हार्पला पावाचा यायचा."

तेवढ्यात एकहार्ट खाली आला. "काय चाललंय? वर सगळे खोळंबलेत, पोरीला बघायचंय."

"एकहार्ट, हिचे वडील काय करतात विचार."

"नंतर. आधी बूट घाल म्हणावं."

वर सगळ्यांनी हात मिळवले. फोल्कमारने दोनदा मिळवला. रिवाजाप्रमाणे नव्या माणसाने सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं असतं, त्याची तारीखही तिथल्या तिथे ठरली, आणि भाजलेल्या सॉसेजबरोबर मोहरी कोणती यावर भांडणही झालं.

दालन रिकामं झाल्यावर त्या दोघीच उरल्या. गेर्लिंडेने कपाटातून तारेचं नवं पाकीट काढलं, हेनरिकेच्या हातात दिलं आणि स्वतः खुर्चीवर बसून बघत राहिली. हेनरिकेने जुन्या तारेचा तुकडा काढला, नवी ओवली, गाठ मारली, किल्लीने हळूहळू चढवली. सूर लागला. दोघी ऐकत होत्या. मिनिटभरात तो खाली घसरला. हेनरिकेने पुन्हा चढवला. पुन्हा घसरला.

"अशीच आठ दिवस करेल," गेर्लिंडे म्हणाली. "तू घरी जाऊन परत येशील, तोवर मी रोज येऊन चढवते."

हेनरिके उरलेल्या सेहेचाळीस तारांवरून बोट फिरवत होती. दोन ठिकाणी बोट थांबलं. "इथेही लव सुटलीय. आणि इथे."

गेर्लिंडेचा हात आपोआप पुढे झाला. चालतील अजून महिनाभर, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"काढ," ती म्हणाली. "दोन्ही काढ."

आणि तुटलेला तुकडा आणि काढलेल्या दोन्ही तारा नीट गुंडाळून तिने पिशवीत टाकल्या. राइनहोल्डच्या टोमॅटोंना बांधायला उपयोगी पडणार होत्या.